आडवं आलेलं बाळ

शेजारच्या खाटेवरचं बाळ रडलं आणि तिची छाती भरून आली. तिचं तिला कळायच्या आत गाऊन पुढून ओला झाला. तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"येणारच ते," नर्स म्हणाली. "दुधाला कुठं कळतं, बाई? घट्ट बांधून ठेवा. गोळ्या देते. चार दिवसांत आटेल."

दुधाला कळत नव्हतं. बाकी सगळ्यांना सगळं कळत होतं. सासूबाई म्हणाल्या, तू वाचलीस हेच खूप झालं. डॉक्टर म्हणाले, वय आहे अजून. पलीकडच्या खाटेजवळ बसलेली कुणाची तरी मावशी, ना ओळख ना पाळख, म्हणाली, देव एका हाताने नेतो नि दुसऱ्या हाताने देतो. त्या भल्या देवाला निदान दोन्ही हात आहेत, तिच्या मनात आलं. आपले दोन्ही रिकामे.

दोन रात्री कळा देऊन शेवटी पोट फाडावं लागलं होतं. मुलगा झाला. तो रडला नाही. सकाळीच नवरा आणि दीर त्याला घेऊन गेले. तिला चेहराही धड पाहू दिला नाही. "उगाच मनात राहील," म्हणाले. जसा काही न पाहिल्यामुळे तो मनातून जाणार होता.

तिची आई तेवढी काही बोलली नव्हती. हे नवलच. आई कपडे शिवायची आणि मशीनपेक्षा तिची जीभ जास्त चालायची. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं, की तोंडातल्या टाचण्यांआडून तिचं आख्यान सुरू व्हायचं. "या पोरीच्या वेळी दोन रात्री यमाच्या उंबऱ्यावर बसून होते मी. आडवी होती ना! डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. म्हणाल्या, आता देवाला हाक मारा." इथे आवाज खाली यायचा, हात थांबायचा. गिऱ्हाइकाचे डोळे भरल्याशिवाय माप पुढे सरकत नसे. बाबा मात्र तोवर पायात चपला सरकवून बाहेर पडलेले असत. बायका हसत. बाप्यांना नाही सोसत असलं ऐकायला!

याच आख्यानाची वेसण आईने लेकीला घातली होती. नोकरी बदलली, घर वेगळं केलं, मनासारखं लग्न ठरवलं, दर वेळी तेच. "आडवी आलीस ती अजून आडवीच आहेस. एवढ्या कळा कुणासाठी सोसल्या गं मी?" लेकीने जन्मभर मान खाली घातली. पण खरं सांगायचं तर, आत कुठेतरी तिला त्याचं अप्रूपही होतं. आपण कुणाला तरी एवढ्या मोलाने मिळालो! या दोन रात्रींत दर कळेला तिने तेच घट्ट धरून ठेवलं होतं. आईच्या कळांना शेवटी मी आले. माझ्याही कळांना कुणीतरी येईल.

आईने पिशवीतून सुती कापडाचा लांब पट्टा काढला. टाके दुखू नयेत म्हणून लेकीला हळूच बसतं केलं, पाठीमागून पट्टा घेतला आणि छातीवर आवळला.

"श्वास सोड."

लेकीने सोडला. आईने आणखी आवळलं.

"लागतंय?"

"आता सुरू नको करूस हं, आई."

"काय गं?"

"तुझं पुराण. दोन रात्री, यमाचा उंबरा. तुझ्या कळांचं चीज झालं. तू तिथून मला घेऊन परत आलीस. मी कुणाला घेऊन आले? जगाला सांगत होतीस ना? आता मला सांग. माझ्या कळा कशासाठी होत्या?"

आईचे हात गाठीवरच थांबले.

"माझ्या त्या कळा तुझ्यासाठी नव्हत्या," ती म्हणाली. "तू तर शिंक यावी तशी आलीस. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवताहेत तोवर तू बाहेर. आडवा होता तो तुझ्या आधीचा. तोही नाही रडला."

शेजारचं बाळ पदराआड शिरलं होतं. त्याचा चुटूचुटू आवाज येत होता.

"मला कुणीच कसं नाही सांगितलं?"

"विषयच काढू दिला नाही मी कुणाला. एवढं सोसलं ते वाया गेलं, हे माझ्या तोंडून निघेना. मग तू आलीस, हसतीखेळती. टाकलं तुझ्या नावावर करून. सांगता सांगता मलाही तेच खरं वाटायला लागलं."

लेकीला हसू आलं, तेही कडूच. जन्मभर मान खाली घातली ती दुसऱ्याच्याच नावाने. आणि दोन रात्री जो दोर धरून ती लोंबकळत होती, तो वर कुठे बांधलेलाच नव्हता.

"छान," ती म्हणाली. "म्हणजे वाट आहे तर. पुढचं होईल त्याच्या नावावर मीही माझ्या कळा करून टाकते."

"नको," आई म्हणाली. ती खाटेच्या कडेला बसली, आणि लेकीने पहिल्यांदाच तिचा आवाज आख्यानाबाहेर कापताना ऐकला. "त्याचं त्याच्याकडे राहू दे, बाळा. माझ्या त्या लेकराचं म्हणून या जगात त्या दोन रात्री, तेवढंच होतं. ते मी त्याच्याकडून काढून तुला दिलं."