गोलसमोरची जागा

पुन्हा पेरलेलं बीही उगवलं नाही, तेव्हा गवत्या कपाळाला हात लावून मैदानातच बसला. उत्तरेकडच्या गोलसमोर टेबलाएवढं टक्कल पडलं होतं. बाकी सगळं मैदान हिरवंगार.

धुकं अजून हललं नव्हतं. या जागी पूर्वी तळं होतं, त्यावर भराव घालून स्टेडियम बांधलं, असं त्याचे वडील सांगायचे. सकाळी ते तळं परत यायचं. खुर्च्यांच्या रांगा पाण्यात बुडालेल्या दिसायच्या आणि गोलची जाळी कोणी कोळी विसरून गेल्यासारखी.

हे मैदान आधी वडिलांनी राखलं, आता तो राखत होता. वडील मोठे गवत्या, हा नुसता गवत्या. मोठे गवत्या शहराबाहेर फारसे गेले नाहीत, पण जगभरच्या स्टेडियमच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या. कुठे लढाईच्या दिवसांत गोलखांबांमध्ये बटाटे लावले होते, कुठे गवत राखायला मेंढ्या सोडायचे, कुठे फार जुन्या काळच्या धावपटूंनी पाय रोवलेली दगडी रेघ अजून आहे. गवत्या लहानपणी हे ऐकत झोपायचा आणि त्याच्या स्वप्नात मेंढ्या पेनल्टी मारायच्या.

गेल्या हिवाळ्यात, ऐन सामन्यांच्या धामधुमीत वडील गेले. गवत्याला जेमतेम एक दिवसाची सुट्टी मिळाली. पुढचं सगळं आईने एकटीने उरकलं आणि ती पुन्हा कामावर आली. स्टँडखालच्या धुलाईच्या खोलीत ती खेळाडूंच्या जर्सी धुते. कामाचं घरी बोलायचं नाही, हा वडिलांचा नियम मायलेक अजून पाळत होते.

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे," मॅनेजर मागून येऊन म्हणाला. "त्यांनी हे बघितलं तर सामने नव्या स्टेडियमला जातील. मग इथे काय होणार, तुला माहीत आहे."

माहीत होतं. इथे गोदामं होणार होती. वडिलांनी जन्मभर पाणी घातलेल्या जमिनीवर खोकी रचली जाणार होती.

"गोलसमोरची जागा तुडवली जातेच, साहेब."

"तुडवली जाते, मान्य. पण जळत नाही."

मॅनेजर गेल्यावर त्याने माती बोटांनी चाळली. राखाडी, खरखरीत कण हाताला लागले. त्याला एकदम मफलरवाली बाई आठवली.

ती हिवाळा सरता सरता आली होती, हातात डबा घेऊन. डब्यात नवऱ्याची राख.

"जन्मभर त्या गोलमागे बसले हो," ती म्हणाली होती. "एक मूठ टाकू द्या. कोणाला कळणार नाही."

"गवताला कळतं, बाई. राखेने गवत जळतं. तुमच्यासारखे खूप येतात. एकाला हो म्हटलं तर मैदानाचं स्मशान होईल."

बाई खाली मान घालून निघून गेली. आई धुलाईच्या दाराशी जर्सी पिळत उभी होती. "फार तोडून बोलतोस रे," एवढंच ती म्हणाली.

हातातली माती झटकून गवत्या तडक त्या बाईकडे गेला. गेटसमोर तिचं किल्ल्यांचं दुकान होतं. स्टेडियमच्या किल्ल्याही तिथेच बनायच्या.

"खरं सांगा, तुम्ही रात्रीबेरात्री आत आला होतात?"

"तुम्ही नाही म्हणालात ना?" ती कानस चालवत म्हणाली. "मग मी समुद्रात सोडली."

तिने वर बघितलं नाही. गवत्याचा विश्वास बसला नाही. हाताशी सगळ्या किल्ल्या असताना माणूस समुद्रापर्यंत कशाला जाईल?

शनिवारी आई मावशीकडे गेली. गवत्याने ते टक्कल गुडघाभर खोल खणलं आणि सगळी माती ट्रकमध्ये भरली. शहराबाहेर नव्या रस्त्याच्या भरावाचं काम चाललं होतं, तिथे ती जाणार होती. शेवटचं फावडं टाकताना त्याला वाईट वाटलं. कोणाचा का होईना, माणूस होता.

"माफ करा, काका," तो ट्रककडे बघून पुटपुटला. मग त्याने खड्ड्यात नवी माती भरली, सरावाच्या मैदानातली हिरवळ मुळांसकट कापून आणली, वर बसवली, सांधे पायाने दाबले आणि पाणी मारलं.

तपासणीवाले आले. गोलसमोर वाकले, गवत ओढून बघितलं, खूश होऊन गेले. सामने इथेच राहिले.

संध्याकाळी आई धुलाईची खोली बंद करून वर स्टँडमध्ये आली. वडील गेल्यापासून ती तिथे बसली नव्हती. खाली फवारे फिरत होते. उतरत्या उन्हात पाण्याची धूळ उडायची, हवेतच रेंगाळायची आणि सावकाश गवतावर बसायची. गवत्याला फार दिवसांनी हलकं वाटलं.

"वाचलं मैदान," तो म्हणाला.

"वाचणारच. हे आहेत ना इथे."

आई हसत होती. तिला असं हसताना त्याने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आता सांगायला हरकत नाही," ती म्हणाली. "रागावू नकोस मात्र."

"काय गं?"

आईने उत्तरेकडच्या गोलकडे बोट केलं. "त्यांची तशी इच्छा होती. पण तू सगळ्यांना नाही म्हणतोस, तुला कोणत्या तोंडाने विचारायचं? सकाळी कामावर येताना मूठ मूठ करून ठेवून आले मी त्यांना तिथे. गवत जळायला लागलं तेव्हा माझा जीव नुसता खालीवर होत होता. आणि आता बघ, कसं अंगभर पांघरून झोपलेत ते."