आणखी एक पाकळी

“‘अजून थोडंसं काहीतरी हवं’ म्हणणारं गिऱ्हाईक आलं, की मागच्या दारानं पळायचं,” असं वासिती चित्रं काढून द्यायची त्या छापखान्यातल्या रमेंद्रभाईंनी तिला पूर्वीच बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

आता तसंच एक गिऱ्हाईक तिच्या लामी गावातल्या घरात चटईवर ऐसपैस बसलं होतं.

“अजून थोडंसं काहीतरी हवं बघ,” तोरिका म्हणाली.

तोरिका पन्नाशीची, अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. बायकांच्या कपड्यांचा ब्रँड काढतेय म्हणाली होती. चर्चला, लग्नाला घालायचे सुलू-जांबा, वर लांब झगा आणि खाली पायघोळ घागरा. नाव ‘सेनितोआ’, म्हणजे जास्वंद. त्याला लोगो हवा होता. वासितीचं नाव तिला कुणीतरी सांगितलं होतं.

बाळंतपणानंतर वासितीच्या हाती आलेलं हे पहिलं काम. नवरा अपिसाई सिनाईला, शांतिसेनेत. माहेर-सासर दोन्ही कदावू बेटावर. ‘मी ठीक आहे, कुणी येऊ नका’ असं तिनंच सगळ्यांना कळवलं होतं. तान्ही किनी रडली की तिला काही सुचत नसे, आणि गप्प झाली की त्याहून सुचत नसे. श्वास चालू आहे ना, ते ती वाकून वाकून बघे. मागच्या पायऱ्यांकडे ती बाळाला घेऊन जात नसे. पाय घसरेल म्हणून, असं ती स्वतःला सांगे.

हा लोगो जमला नाही तर आपण कशालाच लायक नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

“कुठे चुकलंय, नेई?” तिनं विचारलं. आत्याच्या वयाच्या बाईला नेईच म्हणायचं.

“पाकळ्या कमी वाटतात.”

“जास्वंदीला पाचच असतात.”

“माझ्या जास्वंदीला सहा. आण ती पोर इकडे. तिला मांडीवर घेऊन रेघ मारतेस, रेघ वाकडी येणारच.”

वासिती किनीला कुणाच्या हाती देत नसे. पण गिऱ्हाइकापुढे बोलणार काय? तिनं दिली. सहावी पाकळी काढून मान वर केली, तर तोरिका लॅपटॉपकडे बघतच नव्हती. किनी तिच्या छातीवर झोपली होती.

पुढच्या खेपेला तोरिका नारळाच्या दुधात शिजवलेले मासे आणि अळूची भाजी घेऊन आली. “उपाशी माणसाचे रंग फिके पडतात,” म्हणाली. समोर बसून खायला लावलं आणि मग लाल रंग नापास केला. “हा लाल नाही, हा विटलेला लाल आहे. जा, आंघोळ कर, डोळ्यांवर पाणी मार, मग बघ.”

कितीतरी दिवसांनी वासितीनं सावकाश आंघोळ केली. बाहेर येऊन पाहिलं, तर लाल खरंच जरा विटका वाटला.

त्यानंतर पाकळ्या पुन्हा पाच झाल्या. देठ डावीकडे गेला, उजवीकडे आला. एकदा तर तोरिकानं फर्मानच काढलं, “घरात कोंडून घेऊन जास्वंद कसली काढतेस? समुद्राच्या कडेला जा, खरी बघून ये. पोरीपाशी मी आहे.”

‘आलेच’ म्हणून गेलेली वासिती समुद्राच्या कठड्यावर बसून राहिली, भरती चढेपर्यंत. भानावर येऊन धावत परतली, तेव्हा किनी तिच्याकडे बघून हसली. ती पहिल्यांदा हसली, की आपण पहिल्यांदा बघितलं, ते तिला ठरवता येईना.

फोनवर अपिसाई चिडवायचा. “अजून त्या नेईचं फूल उमललं नाही? सोड की ते काम!”

“सोडते कशाला! तिच्याकडून हो म्हणवून घेईन, तेव्हाच थांबेन.”

“अरे वा,” तो म्हणाला, “ही तर माझी जुनी बायको बोलली.”

एके दिवशी तोरिका म्हणाली, “छान झालंय गं. पण आणखी एक पाकळी...”

“नाही.”

“काय?”

“नाही म्हणजे नाही, नेई. पाच पाकळ्या, हाच लाल, देठ इथेच. काय चांगलं आहे ते मला कळतं. पटत नसेल तर दुसरी कुणी शोधा.”

बोलून झाल्यावर तिचेच कान तापले. किनीला कडेवर घेऊन ती तरातरा बाहेर गेली आणि मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली.

तोरिका मागोमाग आली नाही. आतून फोनच्या कॅमेऱ्याची क्लिक आणि पाठोपाठ तिचा आवाज आला, “पास!”

वासितीनं त्या फुलाची कापडी लेबलं छापून घेतली आणि न कळवता देलाइनावेसीच्या चढावरचं तोरिकाचं घर गाठलं. पहिल्या जांब्याला लेबल आपल्या हातानं लावायचं, असं तिच्या मनात होतं. किनी पाठीला बांधलेली.

तोरिका बॅग भरत होती. लंबासाला, मुलीकडे निघाली होती. घरात शिवणयंत्र नव्हतं. कापडाचा एक तागाही नव्हता. भिंत मात्र गच्च भरलेली. एका बेकरीची रंगवलेली पाटी. लाकडात कोरलेलं होडीचं नाव. कुठल्याशा बँडचं भरतकाम केलेलं निशाण. प्रत्येकाखाली एक फोटो, तान्हं बाळ आणि त्याची आई. शेवटी पाच पाकळ्यांची जास्वंद, आणि तिच्याखाली पायऱ्यांवर बसलेली वासिती, मांडीवर किनी.

“नेई, तुमची बेकरी आहे?”

“नाही.”

“होडी?”

“मला पोहता येत नाही.”

वासितीनं हातातल्या लेबलांकडे पाहिलं. “आणि कपडे?”

“सुईत दोरा ओवता आला, तरी मिळवली,” तोरिका बॅगेची चेन ओढत म्हणाली. “बरं झालं आलीस. लामीतच, बाजारामागे हिरव्या दाराचं घर आहे. नवरा बोटीवर, मुलगा तान्हा, आणि ती ‘मी ठीक आहे’ म्हणत दार लावून घेते. चटया सुरेख विणते म्हणे. मी येईपर्यंत तिला जरा बघून येत जा. काहीतरी काम काढून जा. आणि पटकन पास करू नकोस.”