हेकलरांनी विंचरलेला उमेदवार

बुधवारी दुपारी तीन वाजता डंडी बंदरातल्या हेकलखान्यात सगळे हात एकदम थांबले.

"पुन्हा वाच, निनियनकाका," डूगल म्हणाला.

हेकल म्हणजे पाटावर ठोकलेली लोखंडी दातांची फणी. जवसाच्या खोडाचे तंतू, म्हणजे वाख, तिच्यावरून ओढून विंचरणारे ते हेकलर. हात दिवसभर कामात, कान रिकामे. म्हणून एकाने पेपर वाचायचा आणि त्याच्या वाटचा वाख बाकीच्यांनी विंचरायचा, अशी तिथली रीत. धुळीने छाती गेल्यापासून ते काम म्हाताऱ्या निनियनकडे होतं. वाचणाऱ्याला ओळीओळीला अडवायचं, हीसुद्धा रीतच.

निनियनने पेपर वर धरला. "'डंडीचे हेकलर आळशी आणि दारुडे आहेत. मी निवडून आलो की विंचरायचं यंत्र आणेन.' उमेदवार सर लॉकरी यांचे शब्द."

मघाशी 'दारुडे' नव्हतं. घाईत सुटलं असेल.

"यंत्र आलं तर आपण काय करायचं?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"हेकल चाटायची," डूगल म्हणाला. त्याची चार पोरं त्या फणीवर जगत होती. "साहेब आज सहाला चौकात बोलणार आहेत ना? चला. बघू किती ओळी पुऱ्या करतात!"

सहाला चौक गच्च भरला. हेकलरांपैकी एकालाही मताचा हक्क नव्हता. तोंड मात्र प्रत्येकाला होतं.

"सज्जनहो..." सर लॉकरींनी सुरुवात केली.

"कुठले? आळशी की दारुडे?"

हशा उसळला.

"असं मी कधीच बोललो नाही!"

"मग काय बोललात तेवढं सांगा. आम्हाला कुठं घाई आहे? आळशीच आम्ही!"

"कामगारांविषयी माझ्या मनात..."

"मनातलं राहू द्या, साहेब. यंत्राचं बोला!"

वरच्या खिडकीतून पाववाली ओरडली, "अगं बाई, हेकलरांनी साहेबांना फणीवर घेऊन हेकललं!" क्षणात तोच शब्द चौकभर झाला. ज्यांनी जन्मात वाख हाती धरला नव्हता, तेही ओरडू लागले, "हेकला त्याला! हेकला!"

"यंत्र! यंत्र! यंत्र!"

सर लॉकरींनी घाम पुसला, आपल्या चिटणिसाकडे पाहिलं आणि अचानक त्यांचा तोल गेला.

"यंत्राचं फोडलं कोणी?" ते किंचाळले. "आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं! बोट उद्या सकाळी..."

चिटणिसाने त्यांची बाही ओढली. उशीर झाला होता. अख्खी गर्दी गोदीकडे वळली.

डूगल मात्र धापा टाकत हेकलखान्यात आला. "काका, जिंकलो! त्याच्याच तोंडून वदवलं! यंत्र बोटीवर आहे. उद्या लागतेय. आण तो पेपर, गोदीच्या फाटकावर चिकटवतो."

निनियनने हातानेच चाचपून बाक शोधला आणि खाली बसला.

"खरंच येतंय?"

"खरंच म्हणजे? तूच तर वाचलंस!"

बाहेर शेकडो बूट फरशीवर वाजत उताराला लागले होते.

"डूगल," म्हातारा हळूच म्हणाला, "गेल्या हिवाळ्यापासून मला एक अक्षर दिसत नाही रे."