काचेतली मडकी

संग्रहालयातली पाटी वाचून पुंजा दचकला. मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत तो बायकोला म्हणाला, “चल गं, पुढं तलवारी हायत.” लंका मात्र काचेला नाक लावून उभीच. आत तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी आडवी ठेवली होती. रखवालदार आपणहून म्हणाला, “तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं तान्हं बाळ गेलं, की अशा मडक्यांत घालून घरातच पुरायची, ताई.” किल्ली आणखी जोरात फिरू लागली. पुंजा-लंकेचं बाळ दवाखान्यातच दगावलं, तेव्हा पुंजानं ते एकट्यानं सायखेड्याला नदीकाठी पुरलं होतं. बाळंतिणीला जागा सांगायची नसते, म्हणून लंकेला कुणीच सांगितली नव्हती. तिनं आज विचारलं, “अवो, आपलं कुठं पुरलं?” तो काठ मागच्याच पुरात वाहून गेला होता. किल्ली थांबली. “परसात, जास्वंदीखाली.” लंका कितीतरी महिन्यांनी हसली. “म्हणजे रोज मीच पाणी घालते की त्याला!”