मंगैचे डोळे

चोवीस पानं टेबलावर पसरली होती आणि एकाही पानावर मंगैला डोळे नव्हते. मोपेडवरून कालवा ओलांडणारी मंगै, वाळूचोरांना झावळीनं झोडपणारी मंगै, सगळीकडे आंधळी. आणि तिला काढणाऱ्या विशालाक्षी अक्का कोपऱ्यातल्या आपल्या स्टुलावर बसून निवांत कापी पीत होत्या.

"अक्का, ब्रश घे ना गं! अकराला मद्रासची बाई येईल," व्यंकटराव काकुळतीला आले. 'मंगै कॉमिक्स'चे मालक ते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचा छापखाना. अक्का त्यांची चुलत बहीण, आठ वर्षांनी मोठी.

"घेत नाही, जा," अक्का म्हणाल्या.

कारण समोरच्या खुर्चीत बसलं होतं. नवा रेशमी शर्ट, कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं. हा व्यंकटरावांचा जावई कार्तिक, बँकेत कारकून. जन्मात त्यानं कावळासुद्धा काढला नव्हता. आज तो राजवेल होता. वा रे राजवेल!

त्याचं असं की पंधरा वर्षं प्रत्येक अंकावर छापून येई, 'चित्रे: राजवेल'. असा कुणी माणूसच नव्हता. चित्रं अक्का काढायच्या, घरी, दुपारचं स्वयंपाकघर आवरल्यावर. "बाईनं काढलेली मारामारी पोरं विकत घ्यायची नाहीत," असं व्यंकटराव पहिल्या अंकाच्या वेळी म्हणाले, आणि अक्का कबूल झाल्या. मग अंक त्रिचीपासून नागपट्टणमपर्यंत प्रत्येक बसस्टँडवर खपू लागला. राजवेलला पत्रं यायची. एकदा तर एका मुलीच्या बापानं त्याला सोयरिकीचं विचारलं. अक्का ती पत्रं वाचून पोट धरून हसायच्या. अलीकडे त्या हसेनाशा झाल्या होत्या.

आता त्र्याण्णव साल उजाडलं होतं. घरोघरी केबल आली होती, आणि मद्रासच्या एका मोठ्या कंपनीला मंगै हवी होती, इंग्रजीत, हिंदीत, सगळ्या देशात. अट एकच. चित्रकाराला भेटायचं आणि पहिल्या पानावर त्याचा फोटो छापायचा.

"तूच कबूल झाली होतीस की," व्यंकटराव घरच्या मराठीत पुटपुटले. कामगारांना ती कळत नसे.

"तेव्हा विचारायला कुणी येत नव्हतं, व्यंकट. आज येतंय. आणि तू जावयाला रेशमी शर्ट घालून बसवलास? लाज कशी नाही रे तुज? माझं नाव नसेल तर मंगैला डोळे नाहीत. आता काय करायचं ते कर."

डोळ्यांचंही सांगायला हवं. अक्कांचे वडील तंजावूर चित्रं करायचे, सोन्याचा वर्ख लावलेली, देवादिकांची. त्यांच्या घरी डोळे सगळ्यांत शेवटी. अक्कांनी मंगैला तोच नियम लावला. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्या पानं घेऊन छापखान्यात येत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत आणि ब्रश शाईत बुडवत. मशीनवाला सुब्रह्मण्य मशीन थांबवून ओरडायचा, "कण तिरक्कुदु!" डोळे उघडताहेत! मग सगळे चपला काढून, हात जोडून उभे राहायचे. पंधरा वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. व्यंकटरावांना त्याचा भारी अभिमान. अंकाच्या मागच्या पानावर त्यांनी या प्रथेची हकिकतही छापली होती. राजवेलच्या नावावर, अर्थात.

कंपनीची बाई आली. दिव्यश्री तिचं नाव, वय सत्तावीस-अठ्ठावीस. कार्तिकला बघून तिचा चेहरा उजळला.

"सर, बारा वर्षांची होते तेव्हापासून मंगै वाचतेय," ती तमिळमधे म्हणाली. मग तिनं पानं पाहिली. "अजून डोळे उघडायचेत! बघायला मिळेल ना? म्हणून तर मी शुक्रवारी आले."

कार्तिकनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी अक्कांकडे.

अक्कांनी शांतपणे ब्रश शाईत बुडवला, त्याचं टोक केलं आणि तो कार्तिकच्या हातात दिला. "घ्या राजवेल. उघडा डोळे." आणि त्या परत आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

कार्तिकनं ब्रश धरला तो उदबत्तीसारखा.

ब्रश शाईत बुडलेला दिसला आणि सवयीनं सुब्रह्मण्य ओरडला, "कण तिरक्कुदु!" मशीन थांबलं. चपला निघाल्या, हात जोडले गेले. दिव्यश्रीनंही आपल्या चपला काढल्या. आणि मग तिच्या लक्षात आलं की राजवेलकडे कुणीच बघत नाहीये. सुब्रह्मण्य, संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहिणारा शेषाद्री, बांधणी करणाऱ्या दोघी बायका, सगळे कोपऱ्यातल्या स्टुलाकडे तोंड करून उभे होते. सगळ्यांच्या पुढे व्यंकटराव. पाय अनवाणी, हात जोडलेले, डोळे मिटलेले, तोंड अक्कांकडे.

"सर," दिव्यश्रीनं हळूच विचारलं, "या कोण?"

व्यंकटरावांनी डोळे उघडले. आपण कुणाकडे तोंड करून उभे आहोत ते त्यांना कळलं.

अक्का उठल्या. कार्तिकच्या हातातून त्यांनी ब्रश घेतला. बिचाऱ्यानं केवढा मोठा सुस्कारा सोडला! ब्रशाचं टोक मंगैच्या कोऱ्या चेहऱ्यावर आणून त्यांनी धरलं, पण टेकवलं नाही.

"विचारतेय ती, व्यंकट. तमिळमधे सांग, सगळ्यांना कळू दे. तू नाव सांग, मग मी डोळे उघडते."

"विशालाक्षी," व्यंकटराव म्हणाले, आणि जोडलेले हात त्यांनी खाली घेतले नाहीत.