अंबराच्या तबकडीचं घड्याळ

"पुन्हा बंद पडलं," म्हणत दिवेकरवहिनींनी अंबर नावाच्या मधाच्या रंगाच्या खड्याची तबकडी असलेलं घड्याळ माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवलं. महिन्यातली तिसरी खेप.

"एवढं महागाचं घड्याळ दिवेकरसाहेब घालतात की देव्हाऱ्यात पुजतात?" मी चिडवलं. "हात हलला की याला आपोआप चावी मिळते, वहिनी. बिघाड काहीच नाही."

"रोज सकाळी मीच बांधते हो, त्यांच्या डाव्या मनगटावर. अर्धांगवायूने तोच हात गेलाय. पण आता थोडा हलतो, असं म्हणतात ते."

मी घड्याळ जरा हलवलं, तशी टिकटिक सुरू झाली. हात खरंच हलत असता, तर घड्याळ चाललं असतं.

वहिनींनाही ते उमगलं. पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, "भाऊ, पावतीवर बिघाड लिहा. ते वाचायला मागतील."

मी लिहिलं, 'मोठा बिघाड. दुरुस्तीला वेळ लागेल.'