बायकोचा सख्खा भाऊ

ॲपवरून बोलावलेली इस्माईलची रिक्षा मस्तगड भागात उलटली आणि आत बसलेल्या दिलबहादूरचा पाय मोडला. परक्या देशातल्या नेपाळी माणसाला दवाखान्यात कोण घेणार, या धसक्यानं इस्माईलनं ठोकून दिलं, "माझ्या बायकोचा सख्खा भाऊ हाय!" डॉक्टरांनी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं, पण पाय पाहून आधी दाखल करून घेतलं.

मग इस्माईलची आई अकबरबी रोज डबा आणू लागली. विमा कंपनीच्या साहेबानं दवाखान्याच्या कागदावरचं नातं वाचलं होतंच; आता हा घरचा डबाही त्यानं नेमका हेरला.

"प्रवासी कुठल्याही देशाचा असो, भरपाई त्याचा हक्कच," तो खाटेशी येऊन म्हणाला. "पण तुम्ही कसले प्रवासी? दोघा सोयऱ्यांनी मिळून रचलेलं नाटक आहे हे."

दिलबहादूर कोपरावर उठला. भरपाई बुडाली तर ऑपरेशन कशानं होणार, आणि असल्या पायानं चायनीजच्या गाड्यावर उभं कसं राहणार? "साब, मी सवारी आहे, सवारी!" तो कळवळला. इस्माईल खाटेमागे सरकला. खरं बोलावं तर दवाखान्याला फसवलं म्हणून धरतील.

तेवढ्यात अकबरबी आली. साहेबानं गोडीत विचारलं, "मावशी, हा तुमच्या सुनेचा भाऊ ना?"

म्हातारीनं डबा दाणकन टेकवला. "सून? कुठं हाय सून? चाळिशीला आला तरी ह्या इस्माईलला पोरगी मिळून न्हाई राह्यली. घरात सून असती, तं ह्या गुडघ्यांनी जिने चढत डबा मी आणला असता का, बाबा?"